बिनआग्रहाची पंगत

तारखा आधी लिहितो, कारण तारखा कोणाला नाकारता येत नाहीत. संक्रांतीनंतरचा दुसरा रविवार: आमच्या गावच्या शाळेच्या वर्धापनदिनाचे गावजेवण, आणि मागच्या पंगतीचे शेवटचे मोकळे वर्ष. त्याच सालचा पोळा, त्याच्या आदला दिवस: शाळा समितीची बैठक आणि ठराव. पुढची संक्रांत, पुन्हा दुसरा रविवार: दोरी. त्यानंतरचा वैशाख: अंभोरे बाई गेल्या.

जबाबदार व्यक्ती पुढीलप्रमाणे. पहिले, शाळा समितीचे अध्यक्ष दिनकरराव, ज्यांनी ठराव मांडला. दुसरे, समितीचे सचिव, ज्यांनी तो ‘दिव्यांग बांधवांच्या सन्मानार्थ’ अशा शब्दांत लिहून काढला. तिसरे, ते सर्व सभासद ज्यांनी चहा येण्याआधीच हात वर केले. चौथे एक नाव आहे. ते मी इथे लिहीत नाही. तो माझा शेजारी आहे आणि त्याची शिक्षा तो घरात बसून भोगतो आहे.

मी चिखलीच्या दिवाणी न्यायालयातून नाझर म्हणून निवृत्त झालो. वसुली, जप्ती, ताबा, हे माझे आयुष्य. गावात मला अजूनही कोणी नावाने हाक मारत नाही, ‘नाझरसाहेब’ म्हणतात, आणि मी रस्त्याने येताना दिसलो की ज्यांना माझी पत्रे गेली आहेत ते गल्ली बदलतात. या प्रकरणी समितीला पत्रे लिहिली. पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. पंचायतीला लिहिली. तिथे पोचही मागून घ्यावी लागली. पुन्हा एक लिहायला बसलो, पण विषयाच्या ओळीत बाईंचे नाव लिहिले आणि तिथून पुढे पत्राचे पत्र राहिले नाही. थकलो आहे. तेव्हा बाईंबद्दलच लिहितो. मागणी शेवटी करीन.

शकुंतला अंभोरे आमच्या शाळेत निवृत्त होईपर्यंत शिकवीत होत्या. अमडापूरहून येणाऱ्या जीपमधून त्या उतरत, तेव्हा आधी छत्री खाली येई आणि मग बाई. काळी, लांब दांड्याची, पुरुषी छत्री. ऊन असो, आभाळ असो, थंडी असो, छत्री सोबत. पावसात मात्र त्या ती बऱ्याचदा मिटलेलीच धरीत आणि भिजत चालत; कारण विचारले तर म्हणत, छत्री उन्हासाठी आहे. मनगटावर मोठ्या तबकडीचे पुरुषी घड्याळ. ते वडिलांचे होते की नवऱ्याचे, हे विचारण्याइतकी जवळीक त्यांनी कोणाला दिली नाही. वर्गात आवाज चढवीत नसत. वर्ग फार गलका करू लागला की त्या बोलणे थांबवीत आणि खिडकीबाहेर पाहत बसत. हळूहळू पोरांना आपल्याच आवाजाची लाज वाटे.

सायंकाळी शाळा सुटल्यावर कधीकधी त्या माझ्या ओट्यावर येऊन बसत. मला त्या ‘नाझर भाऊ’ म्हणत. मी त्यांना कलमे वाचून दाखवी; मला तेवढेच येते. कोणतेही कलम वाचून झाले की त्यांचा एकच प्रश्न असे: “बरं, मंग? हे कोनासाठी लिहिलं, अन् कोनाच्या इरुद्ध?” पहिल्या भागाचे उत्तर मी लगेच देई. दुसऱ्या भागाला मला विचार करावा लागे, आणि तोवर त्या चहा संपवून उठलेल्या असत.

आता मंदाविषयी सांगितले पाहिजे, कारण तिच्यावाचून हे प्रकरण उभे राहत नाही. मंदा ही माझे शेजारी शंकरराव भुतेकर यांची मुलगी, आता तिशी ओलांडलेली. भुतेकरांची जमीन बरी आहे, घर मोठे आहे. मंदा लहानपणापासून निराळी. बोलणे मोजके, डोळ्याला डोळा नाही, बसल्या जागी पुढे-मागे डुलणे, कापसाचा पुंजका हाती लागला की त्याचे तंतू तंतू वेगळे करीत तासन्‌तास बसणे. गावाने तिला वेडी म्हणून घेतले. ती मोठी झाल्यावर बाईंच्या पिच्छ्यामुळे शंकररावांनी तिला औरंगाबादला डॉक्टरांकडे नेले आणि मग कळले की याला स्वमग्नता म्हणतात. प्रमाणपत्रही मिळाले. शंकररावांनी ते लॅमिनेट करून कपाटात ठेवले. गावाने ‘वेडी’ हा शब्द सोडून ‘सर्टिफिकेटवाली’ हा घेतला.

मंदा शाळेत बाईंच्याच वर्गात होती, जेवढी होती तेवढी. तिच्या हातांना काहीतरी लागे. नाही मिळाले तर ती स्वतःचे मनगट चावी. तेव्हा बाईंनी जुन्या लुगड्याच्या फडक्यात सरकी भरून मुठीएवढी पुरचुंडी शिवली. दाबली की सरकी आत सरकते, बारीक कुरकुर आवाज होतो, तळव्याला टोचल्यासारखे होते आणि टोचतही नाही. मंदाचे मनगट सुटले. पण बाईंनी एकच शिवली नाही. टोपलीभर शिवल्या आणि टोपली टेबलावर ठेवली. ज्याला हवी त्याने घ्यावी, तास संपला की परत टाकावी. बाई त्याला ‘हातचाळा’ म्हणत. परीक्षेच्या दिवसांत टोपली रिकामी असे.

एकदा शिक्षण खात्याचे एक अधिकारी तपासणीला आले. त्यांनी टोपली पाहिली, विचारपूस केली आणि बाईंना समजावले की हे साधन विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी असते, ते सरसकट सर्वांना दिले तर त्याचे गांभीर्य राहत नाही, आणि धडधाकट मुलांना फाजील सवय लागते. चांगली दहा-पंधरा मिनिटे बोलले. बाईंनी सगळे ऐकून घेतले.

“बरोबर हाय साहेब,” त्या म्हणाल्या, “पन तुमी मघापासून कोनती दाबून राह्यले?”

साहेबांनी हाताकडे पाहिले. मूठ उघडली, पुरचुंडी पाहिली, पुन्हा मिटली. शेरा चांगला लिहून गेले. संध्याकाळी टोपलीत एक कमी भरली. बाई म्हणाल्या, सरकी काही महाग नाही, त्या माणसाला गरज असेल.

पण यावरून त्यांना सगळे सारखेच वाटत होते असा अर्थ कोणी काढू नये. शाळेत एक तरुण शिक्षक होते, हसतमुख, नवे काही वाचून येणारे. ते एकदा मधल्या सुट्टीत, मी काही कामाने शाळेत गेलो असताना, म्हणाले की खरे पाहता आपण सगळेच थोडे थोडे स्वमग्न असतो. बाईंना मी रागावलेले क्वचित पाहिले. त्या दिवशी पाहिले.

“तुमी थोडे थोडे नाही सर,” त्या म्हणाल्या. “तुमी पंगतीत जेवून घरी जाता. मंदा उपाशी जाते. फरक हाय तो हाच हाय.”

असा तो विषय पंगतीवर आला.

आमच्या शाळेच्या वर्धापनदिनाला अख्खे गाव जेवते. रोडग्यांचे जेवण असते: जाड्या कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, राख झटकून तुपात चुरायचे, सोबत वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. रोडगे सकाळपासून भाजतात, भोंगा त्याच्याही आधीपासून वाजतो. त्या भोंग्याविरुद्ध माझी स्वतःची पत्रे आहेत, पण तो वेगळ्या दप्तराचा विषय आहे. आणि वऱ्हाडात पंगत म्हणजे आग्रह. वाढप्याने ताटावर वाकायचे, जेवणाऱ्याने हाताने ताट झाकायचे, वाढप्याने हात बाजूला करून वाढायचेच. नाही वाढले तर यजमानाचा अपमान. मंदाला भोंगा सोसत नसे, पण वाकलेला माणूस त्याहून सोसत नसे. कोणी तिचा हात बाजूला केला की ती किंचाळून उठे. मग घरच्यांनी तिला नेणेच सोडले. गावजेवणाचे ताट तिला घरी जाई, निवलेले.

बाईंनी एका वर्षी शाळेच्या मागच्या अंगाला, लिंबाच्या झाडाखाली, भोंग्याच्या विरुद्ध दिशेला एक पट्टी अंथरली. अन्न तेच, वेळ थोडी आधीची. वाढणाऱ्यांना त्यांनी आदल्या दिवशी वर्गात बसवून शिकवले: वाकायचे नाही, एकदा विचारायचे, नाही म्हटले की पुढे सरकायचे. मीठ भाजीपासून लांब वाढायचे, कारण मंदाला दोन पदार्थ एकमेकांना लागलेले चालत नसत. मंदा आली, पट्टीच्या टोकाला झाडाजवळ बसली, ताटाकडे पाहिले आणि म्हणाली, “मीठ दूर.” वाढप्याने मीठ आणखी दूर केले. ती जेवली. शंकररावांच्या बायकोने पदर डोळ्यांना लावला आणि त्या दिवसापुरता भोंगा मलाही ऐकू आला नाही.

त्या दिवशी बाई पंगतीत मंदापासून दोन हातांवर बसल्या होत्या आणि जेवता जेवता, समोर पाहत, त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. पुन्हा कधी सांगितली नाही. त्या लहान असताना याच परिसरातल्या एका गावजेवणात त्यांच्या वस्तीची ओळ वेगळी, उकिरड्याच्या बाजूला बसवीत. वाढपी लांबून, वरून टाकीत. तिथे मात्र आग्रह नसे. “म्हनून मी हे पंगत मांडली तवा रातभर झोपली नाही, भाऊ,” त्या म्हणाल्या. “वेगळी ओळ मांडनं मोठं वंगाळ काम हाय. एकच इलाज हाय. इथं ज्याले वाटलं त्याले बसता आलं पाह्यजे.”

आणि लोक बसू लागले. हे हळूहळू झाले. सैन्यातून परत आलेला एक जण, जो फटाका वाजला की भिंतीला पाठ लावतो, तो आला. नवी सून आली, जिला सासरच्या पंगतीतल्या आग्रहाने उलटी होई. दात गेलेले म्हातारे आले, त्यांना सावकाश चावायचे असे. तान्ह्या मुलांच्या आया आल्या. मी पहिल्या वर्षी नुसता पाहायला उभा होतो, दुसऱ्याच वर्षी जेवायला बसलो; मला कोणताही आजार नाही, मला फक्त कोणी ताटावर वाकलेले आवडत नाही. बाईंनी सरकीच्या पुरचुंड्यांची टोपलीही तिथे आणून ठेवली. मंदा डुलत जेवी आणि कोणी पाहत नसे, कारण ज्याचे त्याचे काही ना काही चाललेले असे.

मग ती गोष्ट झाली जी शंकररावांच्या बाजूने मीही नोंदवली पाहिजे. एका वर्षी मागची पंगत इतकी भरली की मंदा आली तेव्हा टोकाच्या जागेवर पंचायतीचे कोणी पाहुणे जेवीत होते. पाहुण्यांना कोणी उठवले नाही. मंदा झाडापाशी उभी राहिली, मग वळली आणि घरी गेली. शंकरराव पंगतीसमोर येऊन उभे राहिले.

“हे माह्या पोरीची पंगत हाय,” ते म्हणाले. “ज्याइले काहीच झालं नाही ते काऊन बसून राह्यले इथं?”

सगळे ताटांकडे पाहू लागले. मी सुद्धा ताटाकडे पाहत राहिलो, कारण त्यांचे म्हणणे कायद्याच्या भाषेत बिनचूक होते. ज्या सोयीवाचून एखाद्याचे अडते, ती दुसऱ्याने केवळ आवडते म्हणून अडवली तर तो अन्याय आहे. बाईंनी हे मान्य केले, भर पंगतीत, उभे राहून. पण त्यांचा उपाय शंकररावांच्या उपायाहून वेगळा होता. पुढच्या वर्षापासून लिंबाजवळच्या टोकाला त्या आपली मिटलेली छत्री आडवी ठेवीत. ती मंदाची जागा. मंदा येईपर्यंत तिथे कोणी बसायचे नाही, ती येऊन बसली की बाकीच्यांनी बसायचे, आणि पट्टी कमी पडली तर ज्याचे समोरच्या मोठ्या पंगतीत भागते त्याने आपणहून उठायचे. कोणी उठावे हे बाई सांगत नसत. बहुधा मीच उठे.

हीच रीत त्यांची एसटीतही होती. एकदा चिखलीहून मेहकरला जाताना त्या दिव्यांगांसाठी राखीव असलेल्या सीटवर बसल्या. मी नियम सांगितला. त्या म्हणाल्या, “रिकामी हाय तवर माही. कोनी आलं की त्याची. उठाले मले पाय हायेत ना.” पुढे एका थांब्यावर एक कुबडीवाले गृहस्थ दिसले, तेव्हा बस थांबायच्या आधी बाई उभ्या होत्या, आणि मेहकरपर्यंत उभ्याच राहिल्या. एक तरुण त्यांना आपली जागा देऊ लागला. त्याला त्यांनी बसवून ठेवले. त्याच्या चेहऱ्यावरून वाटते की त्याला बरे नाही, असे म्हणाल्या. मी त्याच्याकडे पाहिले. मला तसे काही दिसले नाही. बाईंनी त्याला काही विचारलेही नाही.

बाई निवृत्त झाल्या, मग त्यांचे गुडघे गेले, मग एका बाजूचा हात कमजोर झाला. त्या वर्षी शंकररावांनी समितीकडे अर्ज केला. अर्ज साधा होता: मंदाची जागा कायम राहावी. बाई नसतील तेव्हा छत्री कोण ठेवणार, ही बापाची काळजी त्यात होती, दुसरे काही नव्हते. दिनकररावांनी त्यावर ठराव केला. दिनकरराव वाईट मनुष्य आहेत असे माझे म्हणणे नाही. त्यांना गावाचे नाव व्हावे असे वाटते, आणि गावाचे नाव त्यांच्या फोटोशेजारी यावे असेही वाटते. ठरावाप्रमाणे मागची पंगत ‘केवळ प्रमाणपत्रधारक दिव्यांगांकरिता’ राखीव झाली. फलक रंगवला गेला. आणि फलक कोणी वाचत नाही हे माहीत असल्याने पंगतीभोवती दोरी बांधली गेली, तिला पताका लावल्या गेल्या.

आमच्या गावात प्रमाणपत्र असलेले आणि त्या दिवशी जेवायला आलेले असे एकच माणूस होते.

मंदा दोरीच्या आत, लांबच लांब पट्टीवर, एकटी बसली. भोंग्यावरून तिचे नाव पुकारले गेले, टाळ्या मागितल्या गेल्या आणि गावाने त्या दिल्या. सन्मान म्हणून खुद्द समितीचे सभासद वाढायला आले. ज्यांना आग्रह करायचा नाही हे कोणी शिकवले नव्हते, ते वाकले. मोबाइल समोर धरले गेले. टोपली नव्हती, ती कोणाच्या लक्षात राहिली नव्हती. मंदा डुलू लागली. त्या मोकळ्या पट्टीवर तिचे डुलणे फार मोठे दिसत होते. दोरीबाहेर उभ्या असलेल्या पोरांपैकी कोणी तरी हसले, आणि त्या सैनिकाने त्याच्याकडे असे पाहिले की ते थांबले. तो सैनिकही बाहेरच उभा होता.

तेवढ्यात बाई आल्या. अमडापूरची जीप उशिरा आली होती. एका हातात छत्री, दुसऱ्या काखेत कुणी तरी आधाराला. दोरीपाशी सचिवांनी त्यांना नमस्कार केला आणि अत्यंत आदराने सांगितले की मॅडम, आपली व्यवस्था समोर व्यासपीठाजवळ केली आहे, ही पंगत राखीव आहे. बाईंचा हात चालत नव्हता, पाय चालत नव्हते, पण कागद नव्हता. त्यांनी तो कधी काढलाच नाही.

बाईंनी दोरीकडे पाहिले, पताकांकडे पाहिले. मग त्या आधार सोडून तिथेच, दोरीच्या बाहेर, मातीत बसल्या. दिनकरराव धावत आले, बाई हे काय, वर चला, गावासमोर शोभत नाही. बाई त्यांच्याशी चढ्या आवाजात बोलल्या नाहीत.

“राहू द्या दिनकरराव,” त्या म्हणाल्या. “हे जागा माह्या वळखीची हाय. लहानपनी मी इथंच बसत होती.”

दिनकररावांना त्याचा अर्थ कळला की नाही, हे मला माहीत नाही. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यांना कळला. त्यांनी माना खाली घातल्या.

आतून मंदा म्हणाली, “बाई दूर.” मिठाबद्दल बोलते त्याच आवाजात. मग ती ताटावरून उठली, दोरीखालून वाकून बाहेर आली आणि बाईंपासून दोन हातांवर मातीत बसली. आता ती पंगतीच्या बाहेर होती. वाढपी ताटे घेऊन उभे राहिले आणि सभासदांकडे पाहू लागले, कारण बाहेर वाढावे असे ठरावात नव्हते. सभासद एकमेकांकडे पाहू लागले. मी इतकी वर्षे कोर्टात काढली, पण हुकुमाची अक्षरे माणसांना इतकी जखडून टाकताना मी पाहिली नव्हती. भाजीची बादली घेतलेले चार धडधाकट लोक उभे, समोर दोन बायका उपाशी, आणि मध्ये सुतळी.

बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग मिटलेल्या छत्रीच्या दांड्यावर भार देऊन उठल्या, छत्री उघडली, आणि दोघी निघाल्या. मंदाला कोणी जवळ आलेले चालत नाही, त्यामुळे ती छत्रीच्या कडेकडेने चालत होती. बाईंनी चालता चालता छत्री तिच्या बाजूला कलती केली, इतकी की सगळी सावली मंदावर गेली आणि बाई स्वतः उन्हात राहिल्या. कापसाच्या परहाट्या उपटून ठेवलेल्या शेताच्या धुऱ्यापर्यंत मला ती काळी छत्री दिसत होती. नंतर भोंग्यावर आभारप्रदर्शन सुरू झाले. बाईंना मी त्यानंतर पाहिले नाही.

मंदा तेव्हापासून घराबाहेर जेवलेली नाही. मागच्या गावजेवणाला दोरी पुन्हा बांधली होती. आत कोणीच नव्हते, फक्त पताका होत्या. शंकरराव परवा ओट्यावर येऊन बसले होते. मग म्हणाले, “मांगतलं तेच भेटलं, नाझरसाहेब. पुरी पंगत भेटली.” मी त्यांना चहा दिला. माझ्या डाव्या मुठीत सरकीची जुनी पुरचुंडी होती, तिची कुरकुर तेवढी दोघांत चालू होती. मला स्वमग्नता नाही. कोणी आक्षेप घेतला तर मी लेखी उत्तर देईन.

आता मागणी. पुन्हा संक्रांत येत आहे आणि फलकाला नवा रंग दिला गेला आहे, हे मी काल जाऊन पाहिले. मला पत्राचे उत्तर नको. बंद लिफाफ्यातली उत्तरे मी आयुष्यभर वाचली. शाळा समितीचे अध्यक्ष दिनकरराव यांनी या वर्षीच्या गावजेवणाच्या दिवशी, पहिली पंगत बसण्यापूर्वी, ज्या भोंग्यावरून मंदाचे नाव पुकारले त्याच भोंग्यावरून, सर्व गावासमोर एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. मंदाने पंगतीत बसावे यासाठी तिचा कागद तुम्ही तपासलात. तो खरा आहे, कपाटात आहे. तिच्या शेजारी बसून जेवायला कोणता कागद लागतो?